नेवाडा : जुगार सोडून तिथे आहे तरी काय?

सातारी_कंदी :
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन भावाकडे रेनोला चाललेय. पुढे गाडीने लास वेगास आणि तिथून परतीचं विमान. अडचण अशी की बाबा माळकरी. पत्ते म्हणजे त्यांच्या लेखी घर बुडायची पहिली पायरी. आमच्याकडे गणपतीच्या जागरणालासुद्धा कधी पत्ते निघाले नाहीत. शेजारच्या काकांनी त्यांना सांगितलं, "अहो, ते जुगाऱ्यांचं राज्य." झालं. गेले चार दिवस तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात याची चौकशी सुरू आहे.

बाबा पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं होते. वाचायची आवड आहे, पटलं तर ऐकतात. तर जुगार सोडून या राज्याबद्दल काही रंजक, खरंखुरं सांगा. "व्हेगासला बुफे छान असतो" हे नको, तो मुद्दा मांडून तोंडघशी पडलेय.

चकली :
बुफेच सांगायला आले होते. बसते गप्प.

ट्रकीकाठ :
रेनोत ११ वर्षं राहतोय, नावावरून ओळखलंच असेल, ट्रकी ही इथली नदी. आधी उच्चार. इथल्या माणसासमोर 'नेवाडा' म्हणालात तर तो हसून दुरुस्ती करतो, 'नेव्हॅडा', बॅटमधला 'ॲ'. गंमत म्हणजे मूळ शब्द स्पॅनिश, आणि स्पॅनिशमध्ये तो नेवाडाच्या जवळचा. अर्थ 'बर्फाने झाकलेली'. अमेरिकेतल्या सगळ्यात कोरड्या राज्याचं नाव हे.

बाबांना एक कोडं घाला : रेनो पश्चिमेला की लॉस एंजेलिस? सगळे लॉस एंजेलिस म्हणतात, कारण ते समुद्रावर आहे. नकाशा बघा, रेनो जास्त पश्चिमेला.

आणि जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर तांब्याची बारीक बटणं ठोकलेली असतात ना, ती रेनोतल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची कल्पना. लाकूडतोड्यांच्या विजारी सारख्या उसवायच्या. पेटंटच्या खर्चासाठी त्याने आपल्या कापड पुरवठादाराला, लेवाय स्ट्रॉसला, भागीदार केलं. पेटंट मिळालं २० मे १८७३ ला. नाव कोणाचं झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

बोरीबंदर :
शिंप्याचं नाव कधी होतं का हो? नाव दुकानाचंच.

भूगोलमास्तर :
काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून उरलेलं अर्धं सांगतो.

क्षेत्रफळ सुमारे २ लाख ८६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडंसंच कमी. २०२० च्या जनगणनेत लोक ३१ लाख. पुणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या तेवढीच होती. एकटं पुणे उचलून अख्ख्या महाराष्ट्रात पसरा, त्यातही दोन तृतीयांशांहून जास्त लोक एका कोपऱ्यात लास वेगासभोवती कोंबा. उरलेल्या राज्यात काय राहिलं? डोंगर, दरी, डोंगर, दरी. जमिनीपैकी सुमारे ८० टक्के केंद्र सरकारच्या मालकीची.

मधल्या मोठ्या पट्ट्याला ग्रेट बेसिन म्हणतात. इथलं पाणी समुद्राला मिळतच नाही. हंबोल्ट नदी शेकडो किलोमीटर वाहते आणि शेवटी एका खाऱ्या सपाटीत जिरून जाते. तुमच्या बाबांनी आयुष्यभर पाणी अडवलं, इथे निसर्गानेच अडवून ठेवलंय.

शेती नाही, पाणी नाही, चांदीच्या खाणी आटल्या की गावं ओस. मग या राज्याने कायद्याचंच पीक काढलं. शेजारी ज्याला बंदी तेच इथे कायदेशीर. जुगार १८६९ साली कायदेशीर केला, १९०९ च्या कायद्याने बंद केला, १९ मार्च १९३१ ला मंदीच्या काळात परत सुरू केला. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारी रहिवासाची अट सहा आठवड्यांवर आणली. इतर राज्यांत घटस्फोट मिळणं महाकठीण, तेव्हा देशभरातून लोक रेनोला येऊन सहा आठवडे राहायचे. खानावळी, पाहुणे ठेवून घेणारी गुरांची रँच, वकील, सगळे पोसले गेले.

चकली :
सहा आठवडे एकटं शांत राहिल्यावर निम्म्या जणी तर तशाच परत जात असतील. :)

ट्रकीकाठ :
इथे आख्यायिका आहे की निकाल लागला की बायका कोर्टाजवळच्या पुलावरून अंगठी ट्रकीत फेकायच्या. खरं-खोटं नदीला माहीत.

पिठलंभाकरी :
अमेरिकेतलं जुगाराचं राज्य म्हटलं की लोक लास वेगासची ती झगमगती 'स्ट्रिप' डोळ्यासमोर आणतात. ती स्ट्रिप बहुतांश लास वेगास शहरात नाहीच! पॅराडाइज नावाच्या भागात आहे, जिथे नगरपालिका नाही, कारभार थेट काउंटीचा. म्हणजे जिल्हा परिषदच म्हणा. १९५९ पासून उभी असलेली 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही प्रसिद्ध पाटीसुद्धा शहराच्या हद्दीबाहेर. शहराचा कर चुकवायला सोयीचं पडलं.

बोरीबंदर :
म्हणजे हिंजवडीत राहून 'पुण्यात राहतो' म्हणायचं, तसं.

पिठलंभाकरी :
@बोरीबंदर, अगदी तस्संच, पाण्याच्या टँकरसकट.

म्हापशेकार :
आमच्या मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी बघून कंटाळलेला माणूस बोलतोय. मास्तरांचं 'कायद्याचं पीक' ऐकायला गोड आहे. पण पीक कोणाच्या शेतात आणि कापणी कोणाची हे बघा. नेवाडात उत्पन्नावर राज्याचा कर नाही, कारण कॅसिनो भरतात. कॅसिनो भरतात, कारण कोणीतरी हरतो. गोव्यातसुद्धा हाच युक्तिवाद गेली २०-२५ वर्षं ऐकतोय, महसूल महसूल. सातारी ताई, बाबांचं चुकलं नाही.

सावळा_गोंधळ :
@म्हापशेकार यांच्याशी सहमत. माझा एक जुना सहकारी कामानिमित्त तिकडे जायचा. पहिल्या खेपेला तीनशे डॉलर जिंकला, हेच त्याचं दुर्दैव. नंतर उधारीवर खेळायला लागला. तिथे कॅसिनोला लिहून दिलेल्या त्या उधारीच्या चिठ्ठीला मार्कर म्हणतात, आणि तो भरला नाही तर नेवाडाच्या कायद्यात बाउन्स झालेल्या चेकसारखा फौजदारी मामला होतो. त्याने राहतं घर विकून भरले. आता भेटला की क्रिकेटबद्दल बोलतो, बाकी काही नाही.

निशाचर :
वातावरण फार गंभीर झालं. एरिया ५१ कोणीच कसा काढला नाही? परग्रहवासी?

भूगोलमास्तर :
लष्कराचा गुप्त तळ आहे, ग्रूम लेक नावाच्या कोरड्या तळ्याकाठी. यू-टूसारखी हेरगिरीची विमानं तिथे तपासली. आकाशात विचित्र काही दिसायचं ते तेच. पण राज्याचं व्यापारी डोकं बघा, जवळच्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्याला १९९६ साली अधिकृत नाव दिलं, 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे'. परग्रहवासी आले न आले, पर्यटक आले.

अणुरेणू :
त्या तळाला लागून काय आहे तेही सांगायला हवं. १९५१ ते १९९२ या काळात नेवाडाच्या चाचणी क्षेत्रात ९२८ अणुचाचण्या झाल्या, त्यातल्या १०० उघड्यावर. लास वेगासपासून जेमतेम १०५ किलोमीटरवर. पहाटे स्फोट असला की हॉटेलांच्या गच्चीवर लोक पेले घेऊन जमायचे, ढग बघायला. 'अणु' नावाची पेयं निघाली. १९५७ साली एका नर्तिकेला कापसाचा अणुढग शिवलेला पोशाख घालून फोटो काढला, तो आजही पोस्टकार्डावर विकतात.

वारा लास वेगासकडे असला की स्फोट पुढे ढकलायचे. वारा पूर्वेला, युटाकडे असला की करायचे. तिथल्या गावांत पुढे कर्करोग वाढले, १९९० मध्ये भरपाईचा कायदा करावा लागला. आणि ही जमीन मुळात वेस्टर्न शोशोनी लोकांची. १८६३ च्या तहात त्यांनी ती विकलेली नाही, असं ते आजही म्हणतात. कचराही इथेच आणायचं ठरलं होतं. १९८७ मध्ये संसदेने देशभरातल्या अणुभट्ट्यांच्या कचऱ्यासाठी फक्त युक्का डोंगराचा विचार करायचं ठरवलं. नेवाडाने २०-२५ वर्षं भांडून ते अडवून ठेवलं.

रिकामी जागा म्हटलं की कोणीतरी तिथे राहतं हे लोक विसरतात. माणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

चकली :
@अणुरेणू, हे काहीच माहीत नव्हतं. सुन्न.

कोकणी_मेवा :
जरा हलकं काहीतरी. निवडणूक!

नेवाडात दोन उमेदवारांना समान मतं पडली तर कायद्याने चिठ्ठी काढावी असं आहे. पण गावोगावी लोक पत्ते काढतात. २००२ साली एस्मेराल्डा काउंटीत दोघांना सारखी मतं. गड्डी पिसली, दोघांनी एकेक पान उचललं. दोघांनाही गुलाम! शेवटी इस्पिकच्या गुलामाने चौकटच्या गुलामाला हरवलं आणि तो माणूस निवडून आला.

हसण्याआधी आठवा, २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात आपणही चिठ्ठीच टाकली होती.

दुसरं : 'नोटा' आपल्याकडे २०१३ मध्ये आला. नेवाडात 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय १९७६ पासून मतपत्रिकेवर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत रिपब्लिकन पक्षाच्या तिथल्या प्राथमिक निवडणुकीत निक्की हेली यांच्यासमोर ट्रम्प यांचं नावच नव्हतं, तरी त्या हरल्या, 'कोणीही नाही'कडून. त्याला ६३ टक्के मतं.

बोरीबंदर :
लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं. आपणही काही मागे नाही.

सावळा_गोंधळ :
मग नोटा जिंकला तर आमदार कोण?

कोकणी_मेवा :
तिथे आणि आपल्या विधानसभेतही, त्याच्या खालोखाल मतं पडलेला. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढलाय, नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. या बाबतीत नेवाडाने आपल्याकडून शिकावं.

पिठलंभाकरी :
पत्त्यांवरून आठवलं. कार्सन सिटीच्या सरकारी तुरुंगात १९३२ ते १९६७ कैद्यांसाठी कॅसिनो होता. कैदीच चालवायचे. तुरुंगाची स्वतःची पितळी नाणी होती. बाहेर कायदेशीर आहे तर आत का नको, असा सरळ हिशेब.

निशाचर :
तिथून पळून जायची कोणाला इच्छाच होत नसेल.

सातारी_कंदी :
बाप रे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना गुलामाची गोष्ट सांगितली. हसले नाहीत, पण "इस्पिक चौकटपेक्षा मोठं का?" असं विचारलं. ज्यांनी कधी पत्ता धरला नाही त्यांना इस्पिक-चौकट कळतं, हे मी टिपून ठेवलंय.

पण गाडी अजून रुळावर नाही. @म्हापशेकार यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, हा माणूस शहाणा आहे.

म्हापशेकार :
बाबांना नमस्कार सांगा. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत गोव्याला या म्हणावं... नको, माळकरी आहेत. नुसते या.

भूगोलमास्तर :
एक विरोधाभास राहिलाच. ज्या राज्यात विमानतळावर, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर स्लॉट मशीन आहे, तिथे लॉटरीला बंदी आहे. राज्यघटनेतच. लॉटरीचं तिकीट हवं असेल तर लास वेगासचे लोक तासभर गाडी हाकत कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर जातात. तिथे सीमेला चिकटून एक दुकान आहे, मोठं बक्षीस लागलं की तिथे वाळवंटात रांगा.

आपलं बरोबर उलटं. महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ पासून सुखाने चालू. कॅसिनोचा कायदा मात्र १९७६ साली केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे जुगार कशाला म्हणायचं हे जुगारावर नसून सीमेच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर आहे.

म्हापशेकार :
मास्तर, वाक्य झकास. पण हरणारा दोन्हीकडे तोच.

ट्रकीकाठ :
पाटबंधारे खातं म्हणालात ना? मग इतका वेळ आपण चुकीचा पत्ता टाकतोय. (सॉरी.) पाण्याबद्दल सांगा त्यांना.

लास वेगासला वर्षाकाठी १० सेंटिमीटर पाऊस. सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, हूव्हर धरणामागच्या मीड जलाशयातून. १९२०च्या दशकात नदीची वाटणी झाली तेव्हा लास वेगास म्हणजे रेल्वेचं एक ठाणं. त्यामुळे खालच्या तीन राज्यांत कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला फक्त ३ लाख. तेवढ्यात आज २० लाखांहून जास्त लोक आणि वर कोट्यवधी पाहुणे.

भागतं कसं? घरात, हॉटेलात नळातून जे पाणी सांडपाण्याच्या गटारात जातं, ते जवळजवळ सगळं शुद्ध करून परत जलाशयात सोडतात. जेवढं परत सोडलं तेवढं जास्तीचं उचलायची मुभा. म्हणून तिथे दहा मिनिटं जास्त आंघोळ केलीत तर कोणी रागावत नाही. अंगणात पाइप सोडलात तर दंड, कारण ते पाणी उडून जातं. लॉन उपटून टाकायला चौरस फुटावर पैसे मिळतात. २०२१ च्या कायद्याने रस्त्याकडेच्या, दुभाजकावरच्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला या नदीचं पाणी २०२६ संपल्यावर बंद. लोकसंख्या वाढत गेली तरी नदीतून घेतलेलं पाणी घटलंय.

सावळा_गोंधळ :
आणि ती हॉटेलापुढची नाचणारी कारंजी? वाळवंटात? हे कुठलं पाणी वाचवणं?

ट्रकीकाठ :
रास्त प्रश्न. सगळ्यात प्रसिद्ध कारंजं नदीचं पाणी वापरत नाही, जागेवरच्या विहिरीचं वापरतं. आधी तिथे गोल्फचं मैदान होतं, त्याचा हक्क. डोळ्यांना खुपतं हे खरं, पण खरे पाणी पिणारे म्हणजे हिरवळी आणि गोल्फ.

जलाशय मात्र खरंच आटला होता. २०२२ च्या जुलैत १९३०च्या दशकानंतरची नीचांकी पातळी. पाणी उतरलं तशा बुडालेल्या होड्या वर आल्या, आणि त्या मे महिन्यात एक पिंप. आत गोळी घातलेल्या माणसाचा सांगाडा. बुटांवरून पोलिसांनी काळ लावला, साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा.

निशाचर :
एरिया ५१ पेक्षा हे भारी आहे.

अणुरेणू :
पाण्याचा विषय निघालाच आहे तर डेव्हिल्स होल विसरू नका. डोंगराच्या पायथ्याशी एक भेग, तिच्यात कोमट पाणी, आणि त्यात पपफिश नावाचे बोटाच्या पेरापेक्षा लहान निळसर मासे. ही जात जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या कुठेही नाही. २०१३ च्या वसंतात मोजले तर ३५ भरले. जवळच्या शेतमालकाने बोअर मारून उपसा केला, भेगेतली पातळी उतरली, आणि ज्या उथळ कपारीवर ते अंडी घालतात ती उघडी पडायला लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये निकाल माशांच्या बाजूने.

बोरीबंदर :
आमच्याकडे शेजारच्या बोअरने सोसायटीची विहीर आटली, तर कोणी ग्रामपंचायतीतही गेलं नाही. मासे नशीबवान.

सातारी_कंदी :
ट्रकीकाठ, लागला बाण!

काल बाबांना प्रतिसाद वाचून दाखवला. "एकर-फूट" म्हणाले, "हे काय? टीएमसीत सांग." मला जमेना. स्वतः कागद घेतला, चष्मा लावला, दहा मिनिटांनी म्हणाले, "तेरा. तेरा टीएमसी. म्हणजे आपलं धोम भरलं की तेवढं. आणि त्यात एवढं शहर चालवतात?" मग मीड जलाशयाचा आकडा शोधायला लावला. भरला तर कोयनेच्या दहापटीहून मोठा. धरणाची उंची २२१ मीटर, कोयना १०३. त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे, "सांडपाणी परत सोडतात त्याची मोजणी कुठे करतात, नदीच्या मुखाशी की प्रकल्पावर?" हे मला विचारतायत! कोणाला माहीत असेल तर सांगा.

आता मोठा प्रश्न. धरण बघायचं, पण कॅसिनोच्या हॉटेलात राहणार नाही. जेवायच्या खोलीत जायला मशीनींमधून जावं लागतं असं काकांनी सांगून ठेवलंय.

ट्रकीकाठ :
काका एवढ्या बाबतीत बरोबर आहेत.

पण उत्तर सोपं आहे. बोल्डर सिटीत राहा. धरण बांधायला आलेल्या कामगारांसाठी केंद्र सरकारने १९३१ मध्ये वसवलेलं गाव. कामगार रात्री पगार उधळू नयेत म्हणून तेव्हा जुगारावर बंदी घातली ती आजही आहे. दारूसुद्धा १९६९ पर्यंत नव्हती. धरण गाडीने पाव तासावर. जुगाराच्या राज्यात धरणवाल्यांचं गाव आणि तिथे जुगार नाही. बाबांसाठी बांधून ठेवल्यासारखं आहे.

रेनोहून गाडीने उतरताय म्हणजे साधारण ७०० किलोमीटर. वाटेत गोल्डफील्ड लागेल. सोन्याच्या दिवसांत राज्यातलं सगळ्यात मोठं गाव, आता काहीशे माणसं. पुढे थोडी वाट वाकडी करून ॲश मेडोज. डेव्हिल्स होल कुंपणाबाहेरून लांबूनच बघावं लागतं, पण ॲश मेडोजमध्ये लाकडी फळ्यांच्या पायवाटेवरून त्यांचे चुलत पपफिश स्वच्छ पाण्यात दिसतात. आईंना चालायला सोपं. पेट्रोल मात्र दिसेल तिथे भरा.

चकली :
आणि बुफे?

ट्रकीकाठ :
बोल्डर सिटीत बुफेचं माहीत नाही, 'पाय' (गोड सारण भरून भाजतात तो) चांगला मिळतो.

सातारी_कंदी :
ठरलं! दोन रात्री बोल्डर सिटी. बाबांनी वहीत 'धरण', 'सांडपाणी', 'मासे' असे तीन मथळे करून ठेवलेत. शेजारच्या काकांना सांगून आले, "तुम्हाला अर्धीच माहिती आहे."

मी सहज लॉटरीची गोष्ट सांगितली, की तिकडे लॉटरीला बंदी आणि आपल्याकडे सरकारच विकतं. बाबा म्हणाले, "ती वेगळी." तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून, "वेगळीच! माळ घालायच्या आधी दर दिवाळीला बंपरचं तिकीट कोण आणायचं? कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये दत्ताच्या फोटोमागे ठेवायचात."

बाबा वही घेऊन गॅलरीत गेलेत.

म्हापशेकार :
कधी लागली का?

सातारी_कंदी :
आई म्हणते, एकदा. पन्नास रुपये. त्यात कुकर आणला, अजून वापरतोय.